डॉ. भाऊ दाजी लाड आणि कडू कवठाचे तेल

मुंबईच्या भायखळ्यातील वस्तुसंग्रहालयाला १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. अजिंठ्याच्या शिलालेखांचे अभ्यासक म्हणून आपल्या मराठवाड्याशीही त्यांचा ऋणानुबंध आहे. परंतु मला त्यांचे स्मरण करावेसे वाटते ते एका औषधासाठी.

भाऊंचा जन्म गोव्यातील मांद्रे गावचा. घरची स्थिती बेताची. वडील मुंबईस आले, आणि मुलाची बुद्धिबळातील हुशारी पाहून थोरांनी त्यास इंग्रजी शिक्षण देण्याचा आग्रह धरला. काठेवाड-कच्छात जन्मतःच मुली मारण्याची चाल होती; तिच्यावर निबंध लिहून त्यांनी ६०० रुपयांचे बक्षीस मिळविले. १८४५ साली निघालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात जाऊन १८५१ मध्ये पहिल्या तुकडीतून ते डॉक्टर झाले. गरिबांना ते फुकट औषध देत. मुलींच्या शाळांनाही त्यांनी सदैव हातभार लावला. मुंबईचे शेरीफपद त्यांना दोनदा मिळाले.

कुष्ठरोगास तेव्हा महारोग म्हणत आणि पूर्वजन्मीचे पाप समजून रोग्यास घराबाहेर काढीत. भाऊंनी तो इतर रोगांसारखाच एक रोग मानला. देशी औषधे त्यांनी टाकाऊ ठरविली नाहीत, तशीच डोळे मिटून घेतलीही नाहीत. कडू कवठाच्या बियांचे तेल रोग्यांना देऊन ते गुण पाहू लागले. मात्र पुरता पुरावा हाती येईपर्यंत औषधाचे नाव त्यांनी गुप्त ठेवले. त्यावरून टीका झाली. १८७४ साली ते वारले, तेव्हा काम अपुरेच होते. एवढ्या थोर माणसाची ही एक गोष्ट मला पटत नाही; औषध चारचौघांत आले असते, तर इतरांनी त्यांच्या हयातीतच ते पारखले असते.

पुढे त्याच जातकुळीच्या चौलमुग्रा तेलापासून टोचता येईल असे औषध हवाई बेटावर ॲलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने तयार केले. १९१६ साली, अवघ्या २४ व्या वर्षी, ती वारली आणि तिच्या कामाचे श्रेय बरीच वर्षे दुसऱ्याच्या नावावर राहिले. १९४० नंतर याहून गुणकारी औषधे निघाली. आज सरकारी दवाखान्यात सहा महिने ते वर्षभराच्या गोळ्या फुकट मिळतात व रोग पूर्ण बरा होतो. उपचार सुरू झाला की संसर्गाची भीतीही राहत नाही.

आणि तरीही माझ्या ओळखीच्या एका बाईने अंगावरचा बधिर चट्टा दोन वर्षे पदराखाली झाकला. सासरी कळले तर काय, ही तिची भीती. तेवढ्या काळात हाताची दोन बोटे वाकडी झाली. रोग बरा झाला. बोटे मात्र तशीच राहिली.

म्हणून हदगावच्या माझ्या भगिनींना एवढेच सांगणे आहे. फिकट वा लालसर चट्टा दिसला, तेथे स्पर्श कळेनासा झाला, तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा. शेजारणीला एकटीने जाण्याचा धीर होत नसेल, तर आपण तिच्याबरोबर जावे.