चांदबीबी सुलताना : दुसरा वेढा

आपल्या सोलापूरचा भुईकोट किल्ला आपण सर्वजण जाता-येता पाहतो. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाने आपली कन्या चांदबीबी हिच्या विवाहात हा किल्ला विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहाला आंदण दिला होता. पुढे याच किल्ल्यावरून दोन्ही घराणी वर्षानुवर्षे भांडली.

१५८० साली अली आदिलशहाचा खून झाला. गादीवर आलेला पुतण्या इब्राहिम अवघा नऊ वर्षांचा होता. त्याचा सांभाळ आणि राज्याची काळजी चांदबीबीकडे आली. मत्सरी सरदारांनी तिला काही काळ साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेतही टाकले. पुढे ती माहेरी, अहमदनगरला परतली.

१५९५ च्या अखेरीस अकबराचा पुत्र मुराद याने अहमदनगरला वेढा घातला. सुरुंगाने तट फुटला, तेव्हा चांदबीबी स्वतः खिंडारावर उभी राहिली आणि रातोरात तट बांधून काढला. हा प्रसंग विद्यार्थ्यांना पाठ असतो. पण त्या वेळी मोगल सेनापतींत बेबनाव होता, रसद कमी होती आणि विजापूर-गोवळकोंड्याची कुमक वाटेवर होती, हेही ध्यानात घ्यावे. तरीसुद्धा १५९६ मध्ये वऱ्हाड देऊनच तिने तह केला.

१६०० साली शाहजादा दानियाल आणि खानखानान पुन्हा चालून आले. या वेळी कुमकेचे चिन्ह नव्हते. सरदार आपापसांत लढून थकले होते. बालराजा बहादूर निजामशहा किल्ल्यातच होता. चांदबीबीने विचारपूर्वक सल्ला दिला : किल्ला मोगलांना द्यावा, शिबंदीच्या जिवाला अभय मिळवावे आणि राजाला घेऊन जुन्नरला जावे. भिंती गेल्या तरी राजा आणि फौज वाचली, तर राज्य वाचते, असा तिचा हिशोब होता.

हा सल्ला तिने ज्याच्याजवळ बोलून दाखवला, त्याचे नाव समकालीन इतिहासकार फिरिश्ता याने हमीदखान असे दिले आहे. तो थेट रस्त्यावर धावला आणि राणी शत्रूला फितूर झाल्याची ओरड करू लागला. चार वर्षांपूर्वी खिंडारात कोण उभे होते, हे कोणालाच आठवले नाही. जमाव महालात घुसला आणि चांदबीबी मारली गेली. माघारीचा सल्ला खोडून काढायला युक्तिवाद लागतो. फितुरीचा आरोप करायला नुसता आवाज पुरतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, ऑगस्ट १६०० मध्ये, सुरुंगांनी तट उडाला. शिबंदीची कत्तल झाली. बालराजाला कैद करून ग्वाल्हेरला पाठवण्यात आले.

निजामशाही मात्र तेव्हा संपली नाही. मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला आपल्या बार्शीजवळच्या परांड्यास गादीवर बसवले आणि पुढे राजधानी जुन्नरला नेली. समोरासमोर न भिडता मागे सरून लढण्याच्या पद्धतीने त्याने १६२६ पर्यंत मोगलांना झुंजवले. जुन्नरचा मार्ग चांदबीबीने आधीच दाखवला होता.

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी एखादी मुलगी लाकडी तलवार घेऊन चांदबीबी होते. खिंडार बुजते, टाळ्या पडतात आणि पडदा पडतो. यंदा नववीच्या एका विद्यार्थिनीने तालमीत विचारले, सर, पुढे तिचे काय झाले? तालीम थांबवून मी सगळे सांगितले. आता त्या मुलींना दुसरा प्रवेशही बसवायचा आहे. हमीदखानाचे काम करायला मात्र अजून कोणी तयार नाही.