स्मृतिदिन विशेष : पेपर विकणारा चांद्याचा पोरगा राज्याचा मुख्यमंत्री झाला

चंद्रपूर : कर्मवीर मारोतराव उर्फ दादासाहेब कन्नमवार यांचा २४ नोव्हेंबर हा स्मृतिदिन.

१० जानेवारी १९०० रोजी गरिबाघरी त्यांचा जन्म झाला. तेव्हा गडचिरोलीही चांदा जिल्ह्यातच होती. पोटासाठी त्यांनी पेपर विकले. गांधीजींच्या चळवळीत उतरले, तुरुंगात गेले आणि जंगलपट्ट्यातल्या गावागावांत काँग्रेस नेली.

१९५२ मध्ये ते आमदार झाले. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात अन् राजधानी नागपूर. तिथं त्यांनी आरोग्य खातं सांभाळलं. १९६० ला महाराष्ट्र झाला, तेव्हा यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात ते होते.

१९६२ ला चीननं हल्ला केला. चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि २० नोव्हेंबरला दादासाहेब मुख्यमंत्री झाले. या खुर्चीवर बसलेले विदर्भाचे ते पहिलेच. पण आयुष्यानं साथ दिली नाही. वर्ष अन् चार दिवस झाले, अन् २४ नोव्हेंबर १९६३ रोजी पदावर असतानाच ते गेले.

मुंबईत विक्रोळीचं कन्नमवार नगर त्यांच्याच नावाचं. तिथल्या किती जणांना हा चांद्याचा पेपरवाला ठाऊक असेल? निदान आपल्या पोरांना तरी त्याची गोष्ट सांगावी.