दीनसेवक धन्य फ्रेडरिक ओझानाम

धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी आपण मागे वळून पाहतो, तेव्हा चर्चचा पाया कोणी घातला, घंटा कोणी अर्पण केली, वेदी कोणत्या धर्मगुरूंच्या कारकिर्दीत उभी राहिली, हे सर्व आपणांस सहज आठवते. परंतु दर आठवड्यास एकत्र जमून, प्रार्थना करून, विधवेच्या दारी शिधा पोहोचविणारी व आजाऱ्याच्या उशाशी बसणारी जी मूठभर माणसे बहुतेक धर्मग्रामांत असतात, त्यांची नावे कोणत्याही शिलेवर कोरलेली नसतात. संत विन्सेंट डी पॉल यांच्या नावाने चाललेल्या या सेवासंस्थेचा पाया ज्यांनी घातला, त्यांतील अग्रणी पुरुष धन्य फ्रेडरिक ओझानाम यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सादर करीत आहो.

ओझानाम यांचा जन्म २३ एप्रिल १८१३ रोजी इटलीतील मिलान शहरी झाला. कुटुंब मूळचे फ्रान्सातील लिऑन शहरचे. थोड्याच वर्षांनी ते तेथे परतले. वडील वैद्य होते व गरिबांस फी न घेता औषध देत. १८३७ साली अशाच एका गरीब रोग्यास पाहण्यास गेले असता जिन्यावरून पडून त्यांचा अंत झाला. आईबापांस चौदा अपत्ये झाली, पैकी बहुतेक बालपणीच दगावली. अशा घरात दुःख व श्रद्धा या दोहोंची ओळख मुलास लवकरच झाली. तरीही पंधरासोळाव्या वर्षी तत्त्वज्ञान शिकू लागल्यावर त्यांच्या मनात श्रद्धेविषयी संशयाचे काहूर उठले. त्यांचे शिक्षक फादर न्वारो यांनी रागे न भरता, या मुलास बरोबर घेऊन लांबलांब फेरफटके मारीत, त्याच्या शंकांचे निरसन केले. पुढील आयुष्यात अश्रद्धांशी वाद करताना ओझानाम कधी कठोर झाले नाहीत, याचे मूळ या अनुभवात असावे असे आम्हांस वाटते.

१८३१ साली कायद्याच्या अभ्यासासाठी ते पॅरिसला गेले. विजेच्या प्रवाहाच्या मापास ज्यांचे नाव दिलेले आहे त्या थोर शास्त्रज्ञ आंपेअर यांच्या घरी त्यांस राहावयास मिळाले. शास्त्र आणि भक्ती एकाच माणसाच्या ठायी नांदू शकतात, याचा पाठ त्यांस तेथे मिळाला. परंतु शहराची स्थिती भयंकर होती. १८३२ च्या पटकीच्या साथीत एकट्या पॅरिसात अठरा हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली. आपल्या पुण्यात १८९७ च्या प्लेगाने ओस पाडलेल्या पेठांची वर्णने ज्यांनी वाचली आहेत, त्यांस त्या शहराची कल्पना सहज येईल.

त्या काळी विद्यार्थ्यांचे एक चर्चामंडळ भरत असे. त्यात कॅथलिक तरुण ख्रिस्तसभेने मानवजातीवर केलेल्या उपकारांचे समर्थन करीत. एके दिवशी विरुद्ध पक्षाच्या एका तरुणाने विचारले की, पूर्वजांनी केले ते मान्य, परंतु आज तुम्ही गरिबांसाठी काय करीत आहा? हा प्रश्न ओझानाम यांच्या जिव्हारी लागला. वादात जिंकून उपयोग नाही, आधी गरिबाच्या घरी गेले पाहिजे, असा त्यांनी व त्यांच्या मित्रांनी निश्चय केला. २३ एप्रिल १८३३ रोजी, ज्या दिवशी ओझानाम यांस वीस वर्षे पूर्ण झाली, त्याच दिवशी सात जणांची पहिली सभा एका कॅथलिक वृत्तपत्राच्या कचेरीत भरली. सहा विद्यार्थी होते. सातवे एमान्युएल बैयी हे वयाने चाळिशीकडे झुकलेले संपादक असून अध्यक्षपद त्यांजकडे होते. चर्चामंडळास कॉन्फरन्स म्हणत, म्हणून या नव्या मंडळासही तेच नाव पडले व आजतागायत चालत आले. गरीब वस्तीत सेवा करणाऱ्या सिस्टर रोझाली राँद्यू यांनी या अननुभवी तरुणांस गरजू कुटुंबांचे पत्ते दिले, आणि गरिबाच्या घरात कसे शिरावे, कसे बसावे व कसे ऐकावे, हेही शिकविले.

पुढे जे घडले ते आमच्या मते या चरित्राचा गाभा होय. १८३४ च्या अखेरीस सातांचे शंभरांवर सभासद झाले. एका खोलीत सर्वांस बसणे कठीण झाले, प्रत्येक कुटुंबाची विचारपूस होईना. तेव्हा ओझानाम यांनी मंडळाचे भाग पाडावेत अशी सूचना मांडली. ही सूचना ऐकून अनेकांस धक्का बसला. परक्या शहरात आईबापांपासून दूर राहणाऱ्या त्या मुलांस हे मंडळ म्हणजे घर होते. भाग पाडले तर मैत्री तुटेल, जिव्हाळा आटेल, हे घर फुटेल, असे त्यांस वाटले. डिसेंबर महिन्यात सभांमागून सभा झाल्या. वाद कडाक्याचा झाला व काहींच्या डोळ्यांत पाणी आले. विरोध करणारे स्वार्थी नव्हते, मैत्रीवर प्रेम करणारे होते, ही गोष्ट येथे विसरता कामा नये. परंतु ज्या मैत्रीत नव्या माणसास जागा उरत नाही, ती हळूहळू आपल्यापुरतीच उरते. अखेर १८३५ च्या आरंभी विभागणी झाली. एक भाग सेंट एतिएन द्यू माँ या धर्मग्रामात व दुसरा सेंट सुल्पीस येथे भरू लागला. भीती खोटी ठरली. वडाची पारंबी भूमीत रुजली म्हणजे मूळ झाड दुबळे होत नाही, त्यास आणखी एक आधार मिळतो. तसेच येथे झाले.

मात्र वेगळी चूल मांडली तरी घराणे एक राहावे, यासाठी काही बंधन हवे होते. म्हणून १८३५ सालीच बैयी व लालिए यांनी संस्थेचे नियम लिहून काढले. त्यांतील व्यवस्था आजही मुळात तीच आहे. प्रत्येक स्थानिक शाखा आपल्या गावची गरज पाहून स्वतः काम ठरविते. सभा प्रार्थनेने सुरू होते व प्रार्थनेने संपते. शेवटी एक झोळी फिरते. तीत कोणी किती टाकले हे कोणास कळत नाही. सभासद दोघादोघांनी गरिबांच्या घरी जातात. नवी शाखा काही काळ नीट चालली म्हणजे पॅरिसचे मुख्य मंडळ तीस रीतसर जोडून घेते व तसे पत्र देते. शाखांवर शहराचे मंडळ, त्यावर मध्यवर्ती व राष्ट्रीय मंडळ अशी रचना आहे; परंतु वरच्या मंडळाचे काम हुकूम सोडण्याचे नसून शाखांस एकमेकींची खबर देण्याचे व मदत करण्याचे आहे.

हा विस्तार बहुतांशी पत्रांनी झाला. शिक्षण संपवून जो तो विद्यार्थी आपापल्या गावी परते, आणि तेथे नवी शाखा काढी. नीम शहरी १८३४ सालीच एक शाखा निघाली. लिऑनमध्ये १८३६ साली स्वतः ओझानाम यांनी काढली. तेथे काही वजनदार धर्मनिष्ठ गृहस्थांनीच या तरुणांकडे संशयाने पाहिले, परंतु ओझानाम यांनी तक्रार न करता काम चालू ठेविले. १८४४ साली आयर्लंड व इंग्लंड, १८४५ साली अमेरिका येथे शाखा पोहोचल्या. त्याच वर्षी पोप सोळावे ग्रेगरी यांची मान्यता मिळाली. एवढे होऊनही ओझानाम यांनी सर्वाध्यक्षपद कधी घेतले नाही.

त्यांचा व्यवसाय अध्यापनाचा होता. दान्तेवर प्रबंध लिहून १८३९ साली ते साहित्याचे डॉक्टर झाले व १८४४ साली सोरबॉन विद्यापीठात पूर्ण प्राध्यापक झाले. १८४१ साली अमेली सुलाक्र्वा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८४५ साली कन्या मारी जन्मली. संसार, अध्यापन व दीनसेवा ही तिन्ही एकाच वेळी साधणाऱ्या या प्रापंचिक पुरुषाचे उदाहरण आपणांसारख्या प्रापंचिकांस विशेष जवळचे वाटावे. १८४८ च्या जूनमध्ये पॅरिसात रक्तपात माजला, तेव्हा ओझानाम व त्यांचे दोन सहकारी आर्चबिशप आफ्र यांजकडे गेले व त्यांनी मध्यस्थी करावी अशी विनंती केली. आर्चबिशप मोर्चाबंदीपर्यंत गेले, तेथे त्यांस गोळी लागली व दोन दिवसांनी ते निवर्तले. हे दुःख ओझानाम यांस जन्मभर पुरले.

पुढे प्रकृती ढासळली. हवापालटासाठी इटलीत गेले असताही टस्कनीत शाखा निघाव्यात म्हणून ते खटपट करीत होते. ८ सप्टेंबर १८५३ रोजी, पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या दिवशी, मार्सेय येथे वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्यांनी देह ठेविला. २२ ऑगस्ट १९९७ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलमध्ये त्यांस धन्य घोषित केले. सिस्टर रोझाली यांसही २००३ साली तोच मान मिळाला.

भारतात ही संस्था १८६३ साली आली. आज ती सुमारे १५० देशांत असून पुण्याच्या धर्मग्रामांतही तिच्या शाखा आहेत. परदेशातील एखादी शाखा आपल्याकडील शाखेशी जोडीदार म्हणून बांधली जाते, आणि ज्यांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही अशी माणसे एकमेकांसाठी प्रार्थना करतात व साहाय्य पाठवितात.

सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर १७९२ च्या नाताळात पुणे शहरात मिस्साबली अर्पण झाला. तेव्हा उपासकांस एकच लहानसे स्थान होते. १८८६ साली पुणे धर्मप्रांत स्थापन झाला, आणि आज शहर व उपनगरे मिळून अनेक धर्मग्राम आहेत. वस्ती वाढते, तसे गरिबाचे घर चर्चच्या दारापासून दूर जाते. जुन्या मंडळीस जुनेच सोबती बरे वाटतात, आणि नव्या वस्तीत आलेले कुटुंब दाराबाहेरच राहते. १८३४ च्या डिसेंबरातला प्रश्न म्हणून आजही जिवंत आहे: आपली प्रेमाची सभा जशीच्या तशी राखावयाची, की तीतून दोघेचौघे उठून पलीकडच्या वस्तीत नवी सभा मांडावयाची? महोत्सवाच्या या वर्षी आमच्या धर्मग्रामातून अशी एक जरी नवी शाखा निघाली, तरी या उत्सवाचे सार्थक झाले असे आम्ही समजू. धन्य फ्रेडरिक यांच्या विनवणीने परमेश्वर आम्हांस ते धैर्य देवो.