सही कोणाची?

बँकेत एक शिरस्ता होता. कर्जाच्या प्रस्तावाचं टिपण कनिष्ठानं लिहायचं, आकडे त्यानंच जुळवायचे. सही मात्र साहेबांची. कर्ज बुडालं, की मग टिपण कोणी लिहिलं याचा शोध सुरू होई. त्या सवयीमुळे असेल, पण आल्फ्रेड हिचकॉक म्हटलं की मला 'सायको'च्या आधी 'द व्हाइट शॅडो' हा अर्धाच उरलेला ब्रिटिश मूकपट आठवतो.

हिचकॉक जन्मला १३ ऑगस्ट १८९९ रोजी, लंडनच्या लेटनस्टोन भागात. वडील भाजीपाला आणि कोंबड्या विकत. १९१४ च्या डिसेंबरात ते वारले, तेव्हा मुलगा पंधरा वर्षांचा. विजेच्या तारा बनवणाऱ्या हेन्ली कंपनीत तो कारकून झाला आणि खर्चाचे अंदाज काढू लागला. चित्रकलेत हात चांगला, म्हणून पुढे जाहिरात विभागात गेला. तिथून इस्लिंग्टनच्या स्टुडिओत, मूकपटातल्या मजकुराच्या पाट्या सजवायला.

१९२३ मध्ये ग्रॅहॅम कट्स या नामवंत दिग्दर्शकाच्या हाताखाली 'वुमन टू वुमन' झाला. हिचकॉक त्यात सहायक, पटकथाकार आणि नेपथ्यकारही. संकलनासाठी त्यानं आल्मा रेव्हिलला बोलावलं. ती त्याच्याहून एकाच दिवसानं धाकटी. पण सोळाव्या वर्षापासून स्टुडिओत, म्हणजे अनुभवानं थोरली.

चित्रपट गाजला. अमेरिकेहून आणलेली नायिका बेटी कॉम्पसन हाताशी होती, तोवर घाईनं 'द व्हाइट शॅडो' उरकण्यात आला. जुळ्या बहिणींची कथा. नॅन्सी बेफाम, जॉर्जिना सोशिक. नॅन्सीची अब्रू राखायला जॉर्जिना तिच्या प्रियकरापुढे नॅन्सी म्हणून वावरते. दोन्ही भूमिका कॉम्पसनच्याच. दिग्दर्शक कट्स, पटकथा, नेपथ्य, साहाय्य हिचकॉकचं. चित्रपट सपशेल आपटला.

पुढे कट्सला हा हरहुन्नरी सहायक नकोसा झाला. मग निर्माता मायकेल बाल्कननं १९२५ मध्ये 'द प्लेझर गार्डन' हिचकॉकच्याच हाती सोपवला. १९२६ च्या डिसेंबरात त्यानं आल्माशी लग्न केलं. 'द लॉजर'नं नाव झालं, १९३९ मध्ये हॉलिवूड आलं आणि १९५८ मध्ये 'व्हर्टिगो': पुन्हा एकच अभिनेत्री, दोन स्त्रिया आणि फसलेला प्रियकर! त्याच वर्षी कट्स वारला.

बोलपट आल्यावर मूकपटांना कोणी विचारीना. 'द व्हाइट शॅडो'ही नाहीसा झाला. पण न्यूझीलंडमधल्या एका प्रोजेक्टर चालवणाऱ्या गृहस्थानं जुनी रिळं जिवापाड जपली होती. त्याच्या मागे ती तिथल्या चित्रपट संग्रहालयात आली आणि २०११ मध्ये त्यांत या चित्रपटाच्या सहापैकी पहिल्या तीन रिळांची ओळख पटली. डब्यावर नाव भलतंच होतं. शेवट आजही बेपत्ता आहे.

बातमी जगभर झाली ती हिचकॉकचा हरवलेला चित्रपट सापडल्याची. वाचून मी आधी सुखावलो. अखेर टिपण लिहिणाऱ्याचं नाव वर आलं! मग मनात चुकचुकलं. सही तर कट्सची होती. त्याची पाटी पुसून कारकुनाची लावली, तर हिशेब जुळला असं कसं म्हणावं?

हिचकॉक स्वतः मात्र एका बाबतीत चोख राहिला. १९७९ मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटनं त्याचा जीवनगौरव केला, तेव्हा त्यानं चौघांचे आभार मानले: एक संकलक, एक पटकथाकार, आपल्या मुलीची आई आणि घरची स्वयंपाकीण. चौघींचं नाव एकच होतं, आल्मा. पुढच्या वर्षी २९ एप्रिलला तो गेला. १९८२ मध्ये तीही.

उरलेली तीन रिळं कुठल्या तरी माळ्यावर सापडावीत, असं मला फार वाटतं. जॉर्जिनाचं काय झालं ते पाहायचं आहेच. पण त्याआधी डब्यावर कोणाकोणाची नावं लिहितात, ते पाहीन.