रेव्ह. लँगस्ट्रॉथ यांचे चरित्र : मधुपेटीतील फट आणि माश्यांची गोचीड

गेल्या मार्च महिन्यात मंडळीच्या कामानिमित्त आम्हांस माझगावास तीन दिवस राहावे लागले. माझगाव एके काळी आंब्यांच्या बागांविषयी प्रसिद्ध होते. आता तेथे गोदी व चाळी आहेत. तरी डॉकयार्ड रोड स्थानकाजवळच्या टेकडीवर, जलाशयाच्या माथ्यावर केलेली जोसेफ बॅप्टिस्टा बाग आहे, जुन्या रस्त्यांच्या कडेस झाडे आहेत, म्हणून मधमाश्यांनी ते ठिकाण अद्याप सोडलेले नाही. आम्ही उतरलो होतो त्या घरासमोरील इमारतीच्या सज्जाखाली आग्यामोहोळ लागले होते. रात्री दोन माणसे चिंध्यांचा पलिता घेऊन आली. सकाळी पाहतो तो अंगणात जळालेल्या माश्यांचा सडा पडलेला, आणि लोकांनी बरण्या भरून घेतल्या त्या मधात निम्म्या अळ्या पिळलेल्या.

खेड्यांतील आमच्या वाचकांनी यावरून शहरवासीयांस नावे ठेवू नयेत. ढोलीत सातेरीचे पोळे सापडले म्हणजे आपणही बहुधा हेच करतो. आग्या माशी पेटीत नांदत नाही हे खरे. परंतु सातेरी नांदते, आणि तिला न मारता, तिची अळी न पिळता तिचा मध घेता येतो. हे ज्यांच्यामुळे साध्य झाले ते लॉरेन्झो लॉरेन लँगस्ट्रॉथ हे आमच्याप्रमाणेच मंडळीचे पाळक होते.

त्यांचा जन्म २५ डिसेंबर १८१० रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी झाला. लहानपणी मुंग्यांची ये-जा पाहत ते गुडघ्यांवर इतका वेळ बसत की विजारीचे गुडघे फाटून जात, आणि त्याबद्दल घरी शिक्षा होई. येल येथील विद्यालयातून १८३१ साली पदवी घेऊन ते काही काळ तेथेच शिक्षक होते. १८३६ साली अँडोव्हर गावच्या एका काँग्रिगेशनल मंडळीने त्यांस पाळक नेमिले व त्याच वर्षी ॲना टकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. अँडोव्हर हे नाव आमच्या जुन्या वाचकांस अपरिचित नसेल. १८१३ साली मुंबईस येऊन मराठी मिशनच्या कामाचा पाया घालणारे गॉर्डन हॉल हे अँडोव्हरच्याच धर्मशिक्षणशाळेत शिकले होते.

१८३८ च्या उन्हाळ्यात लँगस्ट्रॉथ एका मित्राच्या घरी गेले असता मेजावर काचेच्या मोठ्या पात्रात मधाने भरलेले पोळे ठेवलेले त्यांनी पाहिले. माळ्यावर ठेवलेल्या माश्या पाहण्यास ते वर चढले, आणि घरी परतण्यापूर्वी दोन वसाहती विकत घेऊन मोकळे झाले. तेथून त्यांचा हा व्यासंग सुरू झाला.

येथे एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. त्यांचे काही चरित्रकार ती हलक्या हाताने लिहितात. लँगस्ट्रॉथ यांस तरुणपणापासून मनाचा एक आजार होता. तो येई तेव्हा आठवडेच्या आठवडे, कधी कित्येक महिने, त्यांच्या मनावर अंधार पसरे. उपदेश होत नसे, पत्रास उत्तर लिहवत नसे, ज्या माश्यांवर त्यांचा जीव त्यांचा विषयही नकोसा होई. मग तो अंधार जसा आला तसाच निघून जाई आणि ते पुन्हा हसतमुख होऊन कामास लागत. याच कारणाने अँडोव्हरचे काम त्यांस लवकर सोडावे लागले. पुढे ग्रीनफील्ड येथील पाळकपणही १८४८ साली सुटले. आपल्या मंडळ्यांत अशा मनुष्यास विश्वासात उणा म्हणण्याची चाल आहे. आम्हांस ती चाल पसंत नाही. रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागणारा एलीया विश्वासात उणा होता काय? देवदूताने त्यास बोल लावला नाही; भाकर व पाणी पुढे ठेवले आणि पुन्हा निजू दिले.

मंडळी सोडून ते फिलाडेल्फियास आले व मुलींची शाळा चालवू लागले. उरलेला वेळ माश्यांपाशी जाई. त्या काळी लोक गवताच्या टोपल्यांत किंवा साध्या पेट्यांत माश्या पाळीत. माश्या आपली पोळी पेटीच्या भिंतीस व छतास चिकटवून टाकीत, म्हणून आत पाहावयाचे तर पोळे कापावे लागे. मधासाठी गंधकाचा धूर देऊन सर्व वसाहत मारण्याचीही रीत होती. जिनेव्हाचे फ्रान्स्वा ह्यूबर, जे दृष्टिहीन असून आपल्या सेवकाच्या डोळ्यांनी माश्यांचा अभ्यास करीत, त्यांनी पुस्तकाच्या पानांसारखी उघडणारी पेटी अठराव्या शतकाच्या अखेरीस केली होती. परंतु ती अभ्यासकांस उपयोगी, शेतकऱ्यास नव्हे.

लँगस्ट्रॉथ यांनी पेटीचे झाकण व आतील पट्ट्या यांमध्ये सुमारे तीन अष्टमांश इंचाची, म्हणजे करंगळीहूनही बारीक, फट ठेविली होती, आणि तेवढी जागा माश्या मोकळी सोडतात हे त्यांच्या ध्यानी आले होते. फट याहून पुष्कळ लहान असली तर माश्या ती राळेने बुजवितात, मोठी असली तर तीत पोळे बांधतात. या मापाची असली तर तो त्यांचा जाण्यायेण्याचा रस्ता होतो. १८५१ च्या ऑक्टोबरअखेर, मधुवनातून घरी परतत असता, हीच फट चौकटीच्या चारही बाजूंस ठेवली तर काय होईल, हा विचार त्यांच्या मनात आला. मग पोळे भिंतीस चिकटणार नाही. चौकट उचलावी, पाहावी, परत ठेवावी. भर रस्त्यात आनंदाने ओरडावे असे त्यांस वाटले. ५ ऑक्टोबर १८५२ रोजी त्यांस या पेटीचे पेटंट मिळाले. पुढील वर्षी त्यांचा मधमाश्यांवरील ग्रंथ छापून निघाला. त्याचे हस्तलिखित पत्नीने आपल्या हाताने उतरून काढिले होते.

पेटंटाने त्यांस धन दिले नाही. पेटी इतकी सोपी होती की जो तो थोडा फेरबदल करून ती आपल्या नावाने विकू लागला. कोर्टकचेऱ्या झाल्या, पैसा त्यांत गेला, आणि प्रकृतीने साथ सोडली. आमच्या मते मनुष्यांनी त्यांस फसविले असेच म्हटले पाहिजे. यास गोड नाव देण्यात अर्थ नाही.

आता वाचक विचारतील, की इतक्या जुन्या पेटीची कथा आज कशास? त्याचे कारण एक गोचीड आहे. लँगस्ट्रॉथ यांच्या काळी माश्यांचा मोठा शत्रू मेणकिडा होता; ही गोचीड त्यांनी कधी पाहिली नाही. तिला व्हॅरोआ म्हणतात. ती तांबूस, चपटी, मोहरीच्या दाण्याहून लहान असते. माशीच्या अंगास चिकटून तिच्या शरीरातील मेद खाते, झाकलेल्या घरात अळीवर आपली पिले वाढविते, आणि सोबत रोग पसरविते, त्यामुळे पंख मुरगळलेल्या माश्या जन्मतात. या कुळातील पहिली जात १९०४ साली जावा बेटात सातेरीच्याच जातभाईंवर आढळली. सातेरी तिच्यासह पिढ्यान्‌पिढ्या जगत आली आहे. सातेरीवर ती केवळ नरांच्या घरात वाढू शकते, आणि कामकरी माश्या अंगावरची गोचीड चावून काढतात. परंतु १९६० नंतरच्या दशकात भारतात आणिलेली व आता आपल्या इकडेही पेट्यांतून पाळली जाणारी मेलिफेरा नावाची पाश्चात्य माशी या शत्रूस ओळखत नाही. तिच्या कामकरी अळ्यांवरही गोचीड वाढते, आणि उपाय न केल्यास वसाहत दोन-तीन वर्षांत बहुधा नष्ट होते. अमेरिकेत ही गोचीड १९८७ साली आढळली, ऑस्ट्रेलियात २०२२ साली.

औषधे निघाली. फ्लुव्हॅलिनेट लावलेल्या पट्ट्या पेटीत टांगल्या की सुरुवातीस जवळजवळ सर्व गोचिड्या मरत. ज्या थोड्या मरत नसत त्यांचीच पिले वाढली. १९९० नंतर इटलीत, आणि त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत, त्या पट्ट्या निरुपयोगी ठरू लागल्या. मागाहून आलेल्या दुसऱ्या औषधांचीही पुष्कळ ठिकाणी तीच गत झाली. २०१७ साली आपल्या कापसावर गुलाबी बोंडअळीने जे केले ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांस हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

अशा वेळी पाळकबाबांची हलती चौकट कामास येते. प्रथम मोजावे. अळी असलेल्या चौकटीवरून, राणी नाही अशी खात्री करून, अर्धा पेला म्हणजे सुमारे तीनशे माश्या बरणीत घ्याव्या, दळलेली साखर घालून जाळीचे झाकण लावावे आणि पांढऱ्या ताटलीवर हलवावे. गोचिड्या खाली पडतात, माश्या जिवंत परत जातात. नऊच्या वर निघाल्या तर स्वस्थ बसू नये. गोचिडीस नराचे घर अधिक आवडते, म्हणून एक रिकामी चौकट देऊन तीत नरांचे पोळे बांधू द्यावे आणि घरे झाकली की ते कापून कोंबड्यांस घालावे; मात्र नर बाहेर पडेपर्यंत आळस केला तर आपणच गोचीड पाळली असे होते. राणीस तीनएक आठवडे पिंजऱ्यात ठेविले तर नवी अंडी पडत नाहीत व जुनी अळी बहुतेक बाहेर पडते. मग सर्व गोचिड्या उघड्यावर येतात, आणि चुक्याच्या भाजीत असते त्या ऑक्झॅलिक आम्लाचा त्यांवर चांगला परिणाम होतो. झाकलेल्या घरात ते आम्ल शिरत नाही, म्हणून हा खटाटोप. ओव्याचे फूल व फॉर्मिक आम्ल हीही वापरतात. पण आपल्या उन्हाळ्यात त्यांनी राणीस अपाय होऊ शकतो, आणि विक्रीचा मध पेटीत असता ती घालू नयेत. प्रमाण अंदाजाने ठरवू नये. पुण्यास १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था आहे, तेथे विचारावे. तेच औषध पुनःपुन्हा देऊ नये, आणि दिल्यावर पुन्हा साखरेने मोजावे. संख्या उतरली नाही तर औषध थकले असे समजावे. ज्या वसाहतीत गोचीड आपोआप कमी राहते तिच्या राणीची वाण पुढे न्यावी.

यांतील एकही काम भिंतीस चिकटलेल्या पोळ्यावर करता येत नाही. सातेरीसाठी पेटी व चौकट लहान लागते. तशी पेटी न्यूटन नावाच्या एका रोमन कॅथलिक पाद्रीसाहेबांनी दक्षिणेत त्रिचनापल्ली येथे १९१० च्या सुमारास केली. महाबळेश्वराजवळील मांघर हे गाव २०२२ साली मधाचे गाव म्हणून जाहीर झाले, तेथेही सातेरीच्या पेट्यांतून चौकटीच उचलतात.

लँगस्ट्रॉथ १८५८ साली ओहायो प्रांतातील ऑक्सफर्ड गावी राहावयास गेले. तेथे त्यांनी माश्यांसाठी फुलझाडे व वृक्ष लाविले, इटलीच्या राणीमाश्या आणवून वाढविल्या व मुलाच्या मदतीने विकल्या. हा मुलगा १८७० साली वारला, पत्नी १८७३ साली. नंतर मधुवन विकावे लागले. पेटंटाची मुदत संपली, आणि त्यांची पेटी जगभर फुकट बनू लागली. अंधार येत राहिला. मध्यंतरी उजेड असे तेव्हा ते लिहीत व उपदेश करीत. अखेरची वर्षे डेटन येथे कन्येच्या घरी गेली.

६ ऑक्टोबर १८९५ हा रविवार होता. वय पंचाऐंशीच्या जवळ आलेले. त्या सकाळी डेटनच्या वेन ॲव्हेन्यू प्रेस्बिटेरियन मंदिरात त्यांस उपदेश करावयाचा होता. ते व्यासपीठावर गेले, देवाच्या प्रीतीविषयी बोलू लागले, आणि थोड्याच वाक्यांनंतर मंडळीच्या डोळ्यांदेखत त्यांचा प्राण गेला. त्यांस डेटनच्या वुडलँड दफनभूमीत पुरण्यात आले.