सावली मोजणारा भास्कर

शके 1036 मध्ये, म्हणजे इ. स. 1114 साली, भास्कराचार्यांचा जन्म झाला. शांडिल्य गोत्रातले हे घराणे विद्वानांचे. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू, त्यामुळे गणित आणि ज्योतिष यांचे धडे त्यांना घरातच मिळाले. सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जडवीड हे आपले गाव, असे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. ते गाव म्हणजे विजापूर असे काही अभ्यासक मानतात, तर काही ते चाळीसगावजवळच्या पाटणच्या परिसरात शोधतात. हा वाद विद्वानांनी सोडवावा. आपल्यासारख्या मराठी आणि कन्नड एकत्र नांदणाऱ्या महाविद्यालयात तरी भास्कराचार्य दोन्ही बाकांवरचे आहेत!

वयाच्या 36 व्या वर्षी, 1150 साली, त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' हा ग्रंथ पुरा केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. त्यांपैकी 'लीलावती' वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला अगदी घरची वाटावी. व्याज, भागीदारीतला नफा, सोन्याचा कस, मालाची अदलाबदल, धान्याची रास हे सारे तीत आहे. आणि त्याच पुस्तकात पुढे एक प्रकरण येते, ते सावलीचे.

त्यातले एक उदाहरण पाहू. जमिनीपासून साडेतीन हात उंचीवर दिवा आहे. त्याच्या पायथ्यापासून तीन हातांवर बारा अंगुळांचा, म्हणजे अर्ध्या हाताचा शंकू उभा केला आहे. तर शंकूची सावली किती पडेल? दिव्याची ज्योत शंकूच्या टोकापेक्षा तीन हात उंच आणि दोघांतले अंतरही तीन हात. म्हणजे प्रकाशाचा किरण जितका पुढे जातो तितकाच खाली उतरतो. मग अर्धा हात खाली उतरताना तो अर्धा हातच पुढे जाणार. सावली बारा अंगुळे!

शाळेत आपण यालाच समरूप त्रिकोण म्हणतो. वरचा त्रिकोण तीन हातांचा, खालचा अर्ध्या हाताचा. आकार एकच, माप तेवढे सहापट. पाठ्यपुस्तकात भूमिती एका भागात आणि व्यापारी हिशेब दुसऱ्या भागात असल्यामुळे ही दोन वेगळी शास्त्रे आहेत असा आपला समज होतो. भास्कराचार्यांनी ही भिंत मानली नाही. ईश्वराने जसे सारे विश्व व्यापले आहे तसे हे गणित त्रैराशिकाने व्यापले आहे, असा त्यांचा अभिप्राय आहे. पाच शेरांना इतके रुपये तर आठ शेरांना किती, हे ज्याला कळते त्याला सावलीवरून उंचीही काढता येते.

मात्र त्रैराशिक डोळे मिटून लावायचे नसते, हेही त्यांनीच शिकवले. एक राशी वाढली की दुसरी घटते अशा ठिकाणी त्यांनी व्यस्त त्रैराशिक वेगळे सांगितले. आकृतींतही हीच सावधगिरी हवी. वरच्या त्रिकोणाची बाजू सहापट आहे, म्हणून क्षेत्रफळही सहापट म्हणाल तर फसाल. ते छत्तीसपट आहे. शेताची लांबी-रुंदी दुप्पट झाली की बी-बियाणे चौपट लागते, हे शेतकऱ्याला न शिकवता कळते.

गोलाध्यायात त्यांनी वेधाची अनेक यंत्रे वर्णिली, पण सर्वांत थोर ठरवले ते धीयंत्र, म्हणजे बुद्धी! हातात एक साधी काठी असली तरी बुद्धिमान माणूस तिच्या आधारे दूरच्या वेळूचे बूड व शेंडा पाहून त्याची उंची आणि अंतर सांगू शकतो. येथेही पुन्हा समरूप त्रिकोणच.

1183 साली, एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांनी 'करणकुतूहल' हा ग्रंथ रचला. पुत्र लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी मान पावले, तर नातू चांगदेव सिंघण राजाचे ज्योतिषी झाले. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चांगदेवांनी पाटणला मठ स्थापला. तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी 1865 साली अभ्यासकांपुढे आणला. 1587 मध्ये फैजीने लीलावतीचे फारसी भाषांतर केले होते, आणि 1979 मध्ये भारताचा एक उपग्रह भास्कर हे नाव घेऊन आकाशात गेला.

उपग्रहाला त्यांचे नाव दिले हे योग्यच झाले. पण मित्रहो, त्यांचे खरे स्मारक स्वस्तात उभे करता येते. अंगणात एक काठी रोवावी, तिची आणि झाडाची सावली एकाच वेळी मोजावी आणि झाडाची उंची काढावी. ज्या मुलाने हे एकदा केले, त्याला प्रमाण म्हणजे काय ते पाठ करावे लागणार नाही.