डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव : शेजारच्या घरातला शास्त्रज्ञ

दरवर्षी या स्मरणिकेत आपल्या मराठी थोरांवर लेख येतात आणि ते यावेतही. यंदा मात्र आम्ही शेजारच्या घरातला माणूस निवडला आहे. तीन-चार पिढ्या आपण तेलुगू शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतो, त्यांची उगादी आणि आपला पाडवा एकाच दिवशी करतो. पण त्यांच्यातल्या या माणसाचे नाव काचीगुड्यापासून कुकटपल्लीपर्यंत किती मराठी घरांत ठाऊक असेल, याची शंकाच आहे. आम्हालाही ते कळले वडिलांच्या आजारपणात.

काही वर्षांपूर्वी एका रात्री छातीत दुखू लागले म्हणून त्यांना दवाखान्यात नेले. रक्ततपासणीच्या कागदावर सीपीके अशी अक्षरे होती. अर्थ विचारला तेव्हा तिथल्या तरुण तेलुगू डॉक्टरने समजावले की क्रिएटिन फॉस्फेट नावाच्या द्रव्यावर काम करणारे हे एन्झाइम आहे, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरते. आणि जाता जाता अभिमानाने सांगितले की त्या द्रव्याचा शोध लावणारा माणूस आमच्या भीमावरमचा.

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ चा. वडील महसूल खात्यात होते, पण आजारपणामुळे नोकरी लवकर सुटली. घरात खाणारी तोंडे बरीच. तेरा वर्षांचे सुब्बाराव काशीला जाऊन यात्रेकरूंना केळी विकून पैसे मिळवायचे म्हणून घरातून पळाले. आईने परत आणले. मॅट्रिकला दोनदा नापास झाले, तिसऱ्या खेपेला पास. पुढे रामकृष्ण मिशनमध्ये जाण्याचा ध्यास घेतला, त्यालाही आईची परवानगी मिळाली नाही. तेव्हा डॉक्टर होऊन सेवा करावी असे ठरले.

मद्रास मेडिकल कॉलेजात असताना त्यांनी गांधीजींच्या हाकेला ओ देऊन शस्त्रक्रियेच्या वेळी खादीचा झगा घातला. शल्यशास्त्राचे इंग्रज प्राध्यापक ब्रॅडफिल्ड यांना ते खपले नाही. परिणाम असा की एम. बी. बी. एस. ची पूर्ण पदवी न मिळता हाती आले एल. एम. एस. हे कमी दर्जाचे प्रमाणपत्र. आम्ही स्वतः डिप्लोमावाले. पदवीवाल्यांच्या रांगेत उभे राहिल्यावर कागदाचा फरक कसा टोचतो ते आम्हाला कोणी समजावून सांगायला नको.

त्याच सुमारास संग्रहणीने त्यांचे दोन भाऊ आठ दिवसांच्या अंतराने गेले. त्यांनाही तोच आजार जडला. अचंता लक्ष्मीपती यांच्या आयुर्वेदिक उपचारांनी ते वाचले आणि त्यांच्याच आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचना शिकवू लागले. पण संग्रहणीचे औषध शोधायचे हे मनात पक्के झाले होते. सासऱ्यांचा आधार मिळाला आणि १९२२ च्या ऑक्टोबरात ते बोस्टनला उतरले. शिकून परत येतो असे पत्नी शेषगिरी यांना सांगून गेले होते. नंतर मुलगा झाला, तो तान्हेपणीच गेला. वडिलांनी त्याला पाहिलेच नाही.

बोस्टनमध्ये एल. एम. एस. ला कोण विचारतो? पोटासाठी त्यांनी इस्पितळात रात्रपाळीचे हमाल म्हणून रुग्णांची भांडी धुतली. दिवसा हार्वर्डमध्ये शिकायचे. तिथे सायरस फिस्के यांच्याबरोबर त्यांनी फॉस्फरस मोजण्याची पद्धत बसवली. ती १९२५ मध्ये प्रसिद्ध झाली. द्रावणाला निळा रंग येतो आणि रंग जितका गडद तितका फॉस्फरस जास्त. जगभरच्या प्रयोगशाळा ही पद्धत फिस्के-सुब्बाराव याच नावाने ओळखतात.

खरी गंमत पुढे झाली. मांजराच्या स्नायूचा अर्क तपासताना रंग वेळेवर चढेना, उशिराने चढू लागला. आमच्या खात्यात मोजमाप वहीतल्या आकड्याशी जुळले नाही तर लोक बहुधा वही दुरुस्त करतात! या दोघांनी मात्र उशीर का होतो याचाच पिच्छा पुरवला. तेव्हा दिसले की स्नायूतला बराचसा फॉस्फरस मोकळा नसून क्रिएटिनशी बांधलेला असतो, आणि परीक्षेतल्या आम्लात तो हळूहळू सुटतो. स्नायू राबला की हे द्रव्य घटते, विसावला की भरून येते. हे साल १९२७. इंग्लंडमध्ये एगलटन दांपत्यही त्याच सुमारास तिथे पोचले होते. १९२९ मध्ये या जोडीने एटीपी हे द्रव्य स्नायूतून वेगळे केले. जर्मनीत कार्ल लोमान यांचा तोच शोध थोडा आधी छापून आला.

तोवर समज असा होता की स्नायू आकसतो तो साखरेपासून होणाऱ्या लॅक्टिक आम्लामुळे. त्या संशोधनाला १९२२ चे नोबेलही मिळाले होते. आता ते चित्रच पालटले. आपल्या सिटी बसचा कंडक्टर जसा चिल्लरच मागतो, तसा स्नायू फक्त एटीपी घेतो. साखर, चरबी ही बँकेतली ठेव. क्रिएटिन फॉस्फेट म्हणजे झटपट मोडून देणारा पानवाला. पुढे इतरांनी दाखवले की मायोसिन आणि ॲक्टिन ही प्रथिने एकमेकांना ओढतात आणि स्नायू आखडतो. एटीपी मिळाल्याशिवाय मायोसिनची पकड सुटत नाही. मृत्यूनंतर देह ताठरतो तो म्हणूनच. हृदयाचेही तेच. फरक एवढाच की त्याला सुट्टी नाही आणि त्याच्याजवळची चिल्लर काही सेकंदांपुरतीच असते. ती क्षणोक्षणी मोडून मिळाली तरच पुढचा ठोका पडतो.

एवढे करूनही हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नाही. १९४० मध्ये ते लेडर्ले या औषध कंपनीत गेले आणि लवकरच तिथल्या संशोधनाचे प्रमुख झाले. त्यांच्या हाताखाली फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या तयार झाले आणि संग्रहणीवर ते उपयोगी पडले. भावांना जाऊन तेव्हा वीसहून अधिक वर्षे झाली होती. ऑरिओमायसिन आणि हत्तीरोगावरचे हेट्राझान ही औषधेही तिथलीच. आरोग्य खाते घरोघर हत्तीरोगाच्या गोळ्या वाटते, त्यांतली डीईसी म्हणजे हेच हेट्राझान.

८ ऑगस्ट १९४८ च्या रात्री झोपेतच त्यांचे हृदय थांबले. वय अवघे त्रेपन्न. आपल्या हैदराबादेत तेव्हा रझाकारांचा धुमाकूळ चालू होता, पोलिस ॲक्शनला सव्वा महिना अवकाश होता. आपल्या आजोबांच्या कानी ही बातमी पडली असेल असे वाटत नाही. भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले ते १९९५ मध्ये, जन्मशताब्दीला. आमचे वडील त्या दुखण्यातून उठले. शेषगिरींना मात्र १९२२ नंतर नवऱ्याचे तोंड पुन्हा दिसले नाही.